संतानं नख परत नेलं म्हणे

हॅलो?

हो, मीच. लुतगार्डच बोलतेय. या घरात फोन उचलायला दुसरं आहे कोण? एक मी आणि एक माझा प्लास्टरातला पाय.

ओडिल? अगं, रडतेस काय? थांब, आधी श्वास घे… हं. आता सांग, कुठून बोलतेस?

गाडीतून. चर्चसमोरूनच. बरं. प्रार्थना झाली? कुत्र्यांना आशीर्वाद झाला?… पाव मिळाला ना? मग झालं तर! तेवढा पाव घेऊन नीट घरी या दोघं. सकाळपासून तोंडात पाण्याचा थेंब नाही माझ्या. कॉफीची किटली समोर आहे, पण तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी संत ह्युबर्टाचा पाव, मग बाकीचं. नऊ दिवसांच्या व्रताची आज सांगता आहे, आणि ती या वर्षी नणंदेच्या हातून व्हायची आहे, तेव्हा…

काय?

काय गेलं म्हणालीस?

नख? कुणाचं नख?

तांबूरचं. अगं, कुत्र्याचं नख म्हणजे काय झाडाचं पान आहे का, वारा आला की गळायला?

कुठल्या पायाचं?… डावा, मागचा. आतल्या बाजूचं, वरचं लोंबतं… जोडनख? दोन्ही गेली?

रक्त आलंय का?… नाही. खरचटलंय? तेही नाही. लंगडतोय? उलट उड्या मारतोय. बरं, मग…

थांब. उड्या मारतोय? तांबूर?

काटा काय म्हणतेस गं सारखं! ह्युबर्टनखी म्हण. हो, हो, ठाऊक आहे मला, तुमच्या घरात सगळे काटाच म्हणतात. कोंबड्याच्या पायाला मागे असतो तसा. तुझा भाऊही लग्नानंतर कितीतरी वर्षं काटाच म्हणायचा. सीमेपलीकडची ती अंडीवाली जर्मन बाई 'लांडगनख' म्हणते. डॉक्टर म्हणतात 'जादा बोट', जणू हिशेबात चूक झालीय देवाची. पण माझ्या माहेरी, लिंबर्गात, ती ह्युबर्टनखीच. शिकाऱ्यांच्या त्या संतानं आपल्या कुत्र्यांना दिलेली खूण. ती ज्याच्या पायाला आहे तो कुत्रा कधी पिसाळत नाही, असं आई सांगायची.

हो. तेच तर… म्हणून काय?

संतानं परत नेली? असं कोण म्हणालं? फादर आन्सेल्म म्हणाले?

तूच म्हणतेस. वाटलंच मला.

ओडिल, ऐक. संत म्हणजे काय जप्तीवाला आहे का? दिलेली वस्तू दारात उभं राहून परत न्यायला? आणि तीही आशीर्वादाच्या दिवशी, पवित्र पाणी शिंपडता शिंपडता? असं नसतं गं.

पावाचं काय?… खाल्ला नाही? हुंगलं, आणि मान फिरवली.

गेल्या वर्षी याच कुत्र्यानं फादर आन्सेल्मच्या बाहीसकट पाव ओढला होता. अख्खं गाव हसत होतं. तू नव्हतीस का तिथं? मग?

नाही, नाही. पिसाळला बिसाळला काही नाही. पिसाळलेलं कुत्रं उड्या मारून तुझा हात चाटत नाही. रडू नकोस म्हटलं ना?

अगं हो, पण मला बोलू तर दे…

ऐकू यायला लागलंय? कुणाला? तांबूरला? कशावरून?… गाडीचं दार आपटलं तर दचकला. मघाशी कुणी शीळ घातली तर कान टवकारले.

चमत्कार! संतानं कान दिले आणि त्याबदली नख नेलं. अगं ओडिल, आपले संत गुरुवारच्या बाजारात बसत नाहीत. घ्या कान, द्या नख!… हसत नाहीये गं मी. बरं, थोडीशी हसतेय. आता रडणं थांबव आणि मी विचारते तेवढं सांग.

थोबाड कसं दिसतंय? राखाडी झालंय ना तोंडाभोवती?… काळं आहे. कुळकुळीत.

उजवा डोळा? त्यात ढगासारखं पांढरं आहे?… नाही. दोन्ही डोळे लख्ख.

म्हणजे संतानं कान दिले, डोळा दिला, म्हातारपण पुसून काढलं आणि एक जोडनख नेलं. चांगलाच सौदा म्हणायचा!

ओडिल, तो तांबूर नाही.

नाही गं. पट्टा त्याचाच असेल, पट्ट्याबद्दल मी कुठं काय म्हणतेय? पट्टा त्याच्या गळ्यात घातला कुणी? तूच ना? आशीर्वादाच्या आधी सगळ्यांचे पट्टे काढून टोपलीत टाकायचे, संतापुढे कुत्रा मोकळ्या गळ्यानं उभा राहिला पाहिजे, ही आपल्या गावची रीत. मग टोपलीतून आपापला पट्टा घ्यायचा आणि आपापल्या कुत्र्याला घालायचा. तू पट्टा बरोबर उचललास. गळा चुकला.

तुझ्या शेजारी कुणाची कुत्री होती?

एव्रारची. चारही शिकारी. वाटलंच. पाठ काळी, पाय तांबूस, कान जमिनीला टेकणारे, चेहरा सुतकी. अगं, तांबूर त्याच घरचा आहे! थोरल्या एव्रारांकडून तुझ्या भावानं, ओमेरनं आणलेला. विसरलीस? पायाला जोडनख निघालं म्हणून म्हातारा ते पिल्लू ठेवायला तयार नव्हता, शिकारीत ते काटे झुडपात अडकतात म्हणे. ओमेरनं पिल्लू कोटात घातलं आणि घरी आणलं. मग एकसारखी दिसणार नाहीत तर काय? शिवाय पाऊस, शिकाऱ्यांच्या शिंगांचा गोंगाट, आणि तू कानावर हात ठेवून उभी. ठेवले होतेस ना?… मला ठाऊक आहेस तू.

बरं, आता एक कर. त्याच्याकडे न बघता हळूच म्हण, 'सुलतान'. म्हण तर खरं. जत्रेत एव्रार आपल्या एका कुत्र्यावर याच नावानं ओरडत होता.

…शेपटी?

गाडीच्या काचेवर आपटतेय. मलासुद्धा ऐकू येतेय. झालं.

मग आपला तांबूर…

हो.

हो, ओडिल. एव्रारच्या गाडीत. सुलतानचा नारिंगी पट्टा घालून. रानडुकरांच्या शिकारीला.

नाही. रडायचं नंतर, माझ्या स्वयंपाकघरात बसून, हवं तेवढं. रुमाल मी देईन. आता गाडी सुरू कर. फोन त्या पुढच्या चिमट्यात अडकव आणि चालू ठेव. सुलतान मागेच असू दे.

कुठं म्हणजे? जुन्या लाकूड-कारखान्यापाशी, शिकाऱ्यांच्या खोपटावर. प्रार्थना झाली की आधी तिथं वाटाण्याचं सूप पितात, वर पेकेच्या दारूचे दोन घोट घेतात, मग माणसं आपापल्या जागी उभी राहतात आणि शिंग वाजतं. शिंग वाजायच्या आधी तुला पोचायचंय. पोचशील. त्यांचं सूप लवकर संपत नाही.

निघालीस? हं.

अगं, सावकाश. त्या वळणावर चिखल असतो.

मला भीती वाटत नाही का? वाटते ना. तांबूरला एक कान नाही, दुसराही नाही. मागून कोण हाक मारतंय ते कळत नाही, पुढून कोण बंदूक रोखतंय ते अर्धंच दिसतं. पण भीती वाटते म्हणून मी काय करू? या खुर्चीत बसून हातातली माळ ओढतेय, आणि तू गाडी चालवतेयस. दोघींची कामं वाटून घेतलीत आपण. तुझं जरा अवघड आहे, एवढंच.

हॅलो?… ओडिल?… आवाज तुटतोय. झाडीत शिरलीस वाटतं. हॅलो?

हं, आलीस. बोल.

दिसतंय? धूर आहे ना खोपटातून? शिंग वाजलं?… नाही वाजलं. देवाची कृपा. उतर.

का नाही उतरायचं?

शिकारीच्या दिवशी बायकांनी तिथं पाऊल ठेवायचं नसतं? हे कुणी सांगितलं तुला, ओमेरनं? ओमेर बरंच काही सांगायचा. अमावास्येला बटाटे लावू नयेत असंही सांगायचा, आणि स्वतः लावायचा. उतर तू. सुलतानला घे बरोबर, आणि सरळ एव्रारपुढे जाऊन उभी राहा.

…

काय म्हणाले?

हसतायत. तू काय सांगितलंस त्यांना?… 'संताची नखी नाही म्हणून हा आमचा कुत्रा नाही.' अगं, त्यांना काटा म्हणायचं! आता म्हणायचं होतं काटा, तर आत्ताच नखी म्हणालीस!

जाऊ दे. फोन दे त्यांच्या हातात. दे म्हणते ना.

…

नमस्कार, एव्रार साहेब. मी लुतगार्ड. ओमेरची बायको… हो, पाय बराच बरा आहे, देवाची दया. तुमच्या घरी सगळे ठीक?

सूप थंड होतंय तुमचं, म्हणून दोनच गोष्टी सांगते. माझ्या नणंदेच्या हातात जो कुत्रा आहे, त्याच्या गळ्याकडे बघू नका. पट्ट्यांची अदलाबदल झाली आहे. त्याच्या तोंडाकडे बघा.

…

हो ना? मी म्हटलंच.

तुमची चूक नाही. तुमच्या गाडीत चार चढवायचे होते, चार चढले. पावसात कोण चेहरे बघतंय? आता फक्त माझा तेवढा काढून द्या. म्हातारा आहे, कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. जिथं बसवलाय तिथंच बसला असेल.

…

म्हणजे?

गाडीचा मागचा दरवाजा उघडा होता?… पाय मोकळे करायला सोडलं होतं. आणि तीनच परत आले.

…

नाही, नाही. मी आहे. ऐकतेय.

तुम्ही म्हणताय, शिंग फुंकलं की येईल. एव्रार साहेब, तो बहिरा आहे. तुम्ही शिंग फुंका, चर्चच्या सगळ्या घंटा वाजवा, तो यायचा नाही. उलट शिंग वाजलं की तुमची माणसं बंदुका उचलतील. झुडपात काही हललं की…

माणसं जागेवर गेली? सगळी?… निम्मी गेली.

मग बाकीच्यांना थांबवा. गेलेल्यांना फोन करा. आज शिंग वाजायचं नाही, निदान माझा कुत्रा सापडेपर्यंत.

हो, मला कल्पना आहे, पाहुणे लांबून आलेत. ब्रसेल्सहून आलेत. हसतील तुम्हाला. एका म्हातारीच्या कुत्र्यासाठी एव्रारनं शिकार थांबवली, असं वर्षभर म्हणतील. म्हणू देत. एव्रार साहेब, सकाळी तुम्ही गुडघे टेकून संतासमोर बसला होतात, मी नव्हते, माझा गुडघा वाकत नाही. तुम्ही त्यांच्याकडे काय मागितलंत? आजच्या दिवशी कुणाला, कशाला इजा होऊ नये, हेच ना? दरवर्षी फादर तेच म्हणायला लावतात. मग आता ते तुमच्याच हातात आलंय. शिंग तुमच्याच गळ्यात आहे.

…

काढलंत? कुणाकडे दिलंत?… ओडिलच्या हातात. आभारी आहे मी. मनापासून.

आता खाली बघा. चिखल आहे ना?… घोट्यापर्यंत. उत्तम. कुत्र्यांची पावलं दिसत असतील, भरपूर. सगळी सारखी, चार बोटं आणि गादी. पण त्यांत एक डावं, मागचं पाऊल असं असेल, की त्याच्या आतल्या बाजूला, जरा मागे, दोन बारीक टोचे उमटलेले. शेजारी शेजारी. स्वल्पविराम असतात ना, तसे. कडक जमिनीवर उमटत नाहीत, मऊ चिखलात उमटतात. माझ्या भाजीच्या वाफ्यांत मी रोज पाहते आणि रोज ओरडते. ते तुमचे काटे, बरं का. तुम्ही कापता, तुमचं तुम्ही जाणा. आमच्याचे कापलेले नाहीत.

शोधा. मी धरून आहे.

…

सापडले? दोन टोचे? कुठं?… गाडीच्या चाकापाशी. मग? कुठल्या बाजूला जातायत?

झुडपांकडे.

…

एव्रार साहेब, तिथं… तिथं डुकरांची वाट आहे ना? ओमेर मला एकदा दाखवायला घेऊन गेला होता.

बरं. तुम्ही चालत राहा. मी काही बोलत नाही.

…

…

हो, आहे. नाही, रडत नाहीये. प्रार्थना पुटपुटतेय, तिचा आवाज येत असेल. तुम्ही लक्ष देऊ नका.

काय?

वळलीत? पावलं वळलीत? झुडपाच्या कडेला एक… तिथं थांबला. पाय वर केला. हो, तो तसं करतो. आणि मग?

मागे फिरला. खोपटाच्या पाठीमागून… स्वयंपाकाच्या दाराकडे.

एव्रार साहेब, सूपमध्ये सॉसेज घातलीत का तुम्ही?

मग पळा! आत जा, आणि टेबलाखाली बघा.

…

…

नको, नको! सांगू नका. सगळे एकदम ओरडू नका, मला काही कळत नाही. आणि तुमच्या सांगण्यावर माझा विश्वास नाही असं नाही, पण एक काम करा. खोपटात खाली फळ्या आहेत ना? लाकडाची जमीन? फोन तिथं खाली, फळ्यांजवळ धरा. आणि ओडिलला सांगा, त्याला चार पावलं चालव म्हणावं. फक्त चार. कुणी बोलू नका.

…

…

हं.

ऐकलंत? थप, थप, थप… टिक. चौथ्या पावलाला टिक. ते सैल नख फळीला लागतं. रात्रंदिवस माझ्या फरशीवर वाजतं ते. कितीदा वाटलं, कापून आणावं, झोप मोडते. किती बरं झालं नाही आणलं.

पुन्हा एकदा चालवता?

…टिक.

पुरे. पुरे आता. तोच आहे.

नाही हो, तुमचे उपकार. तुम्ही कसली माफी मागता? पट्टा तर आमच्याच बाईनं घातला.

काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला, मागे फार हसतायत.

सुलतानचे काटे कापले तेव्हा… संत रागावले असतील का? छे! एव्रार साहेब, संत काय नखं मोजत बसतात? ज्याला खूण आहे त्याला ओळखतात, ज्याला नाही त्यालाही ओळखतात. नाहीतर आज तुमचा सुलतान माझ्या नणंदेच्या गाडीत सुखरूप कसा बसला असता? फक्त त्यानं पाव खाल्लेला नाही. परक्या हातातून खायचं नाही असं शिकवलंयत ना? चांगली सवय आहे. म्हणून आता तुम्ही तुमच्या हातानं भरवा. ओडिलजवळ अख्खा पाव आहे, त्यातला घ्या अर्धा. माझ्याकडून.

तिला द्या फोन. आणि शिंग आठवणीनं परत घ्या तिच्याकडून. ती वाजवून बघेल, सांगता येत नाही.

…

ओडिल? झालं ना सगळं? आता रड, परवानगी आहे… रडत नाहीयेस? का?

पेके दिली तुला? किती?… ओडिल! गाडी चालवायची आहे तुला!

एकच घोट. बरं. मग तिथं अर्धा तास बस, सूप घे, आणि मग निघ. तांबूरला पुढच्या सीटवर बसव. आणि सुलतानला पाव दिला का एव्रारनं?

का नाही?

पाव नाही म्हणजे? तुझ्या कोटाच्या खिशात होता ना?

…

कुणी खाल्ला?

अख्खा?

…

कधी? तू त्याला मिठी मारत होतीस तेव्हा. खिशातूनच. कागदासकट.

हसू नकोस, मीही हसतेय, मला पोटात दुखतंय. सकाळपासून उपाशी आहे गं मी. नऊ दिवस मन लावून व्रत केलं, आणि सांगतेचा पाव कुत्र्यानं खाल्ला.

नाही, चर्चमध्ये परत जाऊ नकोस. फादर जेवायला बसले असतील. त्या सज्जन माणसाची एक बाही गेल्या वर्षीच गेलीय.

खिसा उलटा करून बघ. चुरा आहे का?… चिमूटभर. ओला?… थोडासा. चालेल. तो झटकू नकोस. रुमालात बांध. त्यातला कणभर सुलतानला दे, एव्रारच्या हातून, आणि राहिलेला मला आण. चुरा पुरे मला.

अगं, पुरे म्हणते ना. आशीर्वाद काय वजनावर असतो?

हं. ये सावकाश. दार नुसतं लोटलेलं आहे, कडी नाही. तू हाक मारली नाहीस तरी चालेल, तो फरशीवर आला की मला कळेल.

ठेवते. किटली चढवते… पिणार नाही गं, तुम्ही येईपर्यंत नाही. नुसती चढवून ठेवते.